टीप ही भेट आहे, असं आपण लिहून देणार का?



सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. डिलिव्हरी, कॅब, घरी जाऊन ब्युटी पार्लर, फोटोग्राफी करणाऱ्या भावा-बहिणींनो, कस्टमर टीप देतो ती गिफ्ट असते, वर्षाला ५० हजारांपर्यंतची गिफ्ट टॅक्स फ्री, रिटर्नमध्ये दाखवू नका, पुढे पाठवा. खाली निळा झेंडा. भराभर अंगठे आले. हे चुकीचं आहे असं मी लिहिलं, तर एका जुन्या सहकाऱ्याचं उत्तर आलं, "दादा, तुम्ही सरकारची वकिली कधीपासून करायला लागलात?"

त्या सहकाऱ्याला ग्रुपवर उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत मावणारं नव्हतं. ते इथे देतो. सरकारबद्दलही बोलायचंच आहे, पण ते नंतर.

आधी कायद्याचं बघू. ५० हजारांची सूट खरी आहे. नातेवाईक नसलेल्या माणसांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी सगळ्या मिळून ५० हजारांच्या आत असतील तर त्यावर आयकर नाही, आणि ओलांडल्या तर पूर्ण रक्कम करपात्र. पण ही सूट भेटीला आहे. तुम्ही कुणाच्या घरी जाऊन फेशियल केलं, भर पावसात कुणाला जेवण पोचवलं, कुणाच्या साखरपुड्याचे फोटो काढले, आणि त्या कामापायी त्या माणसाने ठरलेल्या पैशांवर शंभर रुपये जादा दिले, तर ते कामातून आलेले पैसे आहेत. ज्याला कायदा स्वयंरोजगारी समजतो त्याच्या बाबतीत ती धंद्याची जमा. देणाऱ्याने तिला प्रेमाने भेट म्हटलं, खुशी म्हटलं, चहापाणी म्हटलं, त्याने फरक पडत नाही.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५० च्या दशकाच्या अखेरचा एक निकाल आहे. आपल्या पोरांनी तो आवर्जून समजून घ्यावा, कारण त्यातला करदाता कुणी वेटर किंवा हमाल नाही. त्रावणकोरातले कृष्ण मेनन हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले वेदान्ताचे गुरू. लेव्ही नावाचा परदेशी शिष्य त्यांच्याकडे येऊन शिकायचा आणि त्यांच्या खात्यात मोठमोठ्या रकमा भरायचा. गुरूंचं म्हणणं असं की मी फी मागत नाही, शिष्याने स्वखुशीने दिलेली भेट आहे, तिच्यावर कर कसला? न्यायालयाने ते मानलं नाही. वेदान्त शिकवणं हाही व्यवसायच, पैसे त्या शिकवण्यामुळेच आले, म्हणून ते उत्पन्न. देणाऱ्याच्या मनात काय होतं हे बघायचं कारण नाही.

म्हणजे गुरूची दक्षिणासुद्धा कायद्याच्या लेखी कमाई ठरली. आणि आपली पोरगी पाच मजले चढून, खांद्यावर पंधरा किलोची बॅग घेऊन, दोन तास उभं राहून जे जादा शंभर रुपये मिळवते त्याला भेट म्हणायचं, तेही आपल्याच माणसांनी, निळ्या झेंड्याखाली!

माझा राग कर बुडण्यावर नाहीच. बहुतेकांचा कर शून्य येतो, ते पुढे आकड्यांत दाखवतो. माझा राग त्या शब्दावर आहे. ती सूट घ्यायची तर सरकारच्या कागदावर लिहून द्यावं लागतं की हे पैसे मला कामाचे मिळाले नाहीत, कुणाच्या मर्जीने मिळाले. आपल्या आज्या-पणज्यांच्या पदरात मर्जीने काय काय पडलं ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. येसकराची पाळी असली की दारोदार फिरून भाकरी मागायची. गावकीची सगळी कामं, निरोप पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, साहेब आला की घोड्यापुढे धावणं, आणि त्याच्या बदल्यात खळ्यावर मिळेल ते बलुतं. कुणब्याचा मूड बरा असला तर चार पायल्या, नसला तर शिव्या. मोजमाप नाही, पावती नाही, मागायचा अधिकार नाही. वतनाच्या नावाने जो जमिनीचा तुकडा होता त्याच्यावर सरकार वर जुडीही वसूल करायचं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं, त्यातली एक गोष्ट आपण भाषणात फारशी सांगत नाही. वतन सोडायची मुभा हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच बिलात बलुत्याचं पैशात रूपांतर करायची तरतूद होती. जे गावकऱ्याच्या मर्जीवर मिळतं ते ठरावीक रोख पट्टी म्हणून वसूल व्हावं आणि काम करणाऱ्याला मोबदला म्हणून मिळावं. भाकरीचा तुकडा मोजून, लिहून, हक्काचा करायचा होता त्यांना. ते बिल तेव्हा पास झालं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. कोलंबियात ते ज्या प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे शिकले ते आयकराचे मोठे अभ्यासक होते, आणि बाबासाहेबांचा स्वतःचा प्रबंधही सरकारी जमाखर्चावर होता. हिशेबाच्या वहीची ताकद त्यांना माहीत होती. आपण मात्र हिशेब म्हटलं की घाबरतो, किंवा त्याला शेठजींचं काम समजतो.

आता ज्या ताईंमुळे हा लेख लिहायला बसलो त्यांच्याबद्दल. नाव लिहीत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये आमच्या भागातल्या, नवरा वारलेला, एक मुलगा. ॲपवरून बुकिंग घेऊन घरोघरी पार्लरचं काम करतात. विहारात आम्ही रविवारी कागदपत्रांची मदत करतो, तिथे त्या रिटर्न भरायला आल्या. त्यांना दुचाकीसाठी कर्ज हवं होतं आणि बँकेने दोन वर्षांची रिटर्नं मागितली होती.

त्यांच्याकडे वही होती, हे बघून मला फार बरं वाटलं. रोजचं बुकिंग, ॲपने कापलेलं, रिक्षाचे पैसे, आणि शेवटच्या रकान्यात टीप. कुठे ५०, कुठे १००, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. एका पानावर तारखेपुढे काही न लिहिता नुसती फुली होती. विचारलं, तर म्हणाल्या, त्या बाईंनी काम चालू असताना पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं. नंतर पाणी दिलं ते स्टीलच्या वेगळ्या पेल्यात. जाताना शंभराची नोट टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "घे, तिथून उचल." ताईंनी नोट उचलली नाही. "कामाचे पैसे ॲपवर आले होते दादा. ती नोट मला कामाची वाटली नाही."

कामाची टीप कोणती आणि भीक कोणती, यातला फरक त्या बाईला माझ्या एम.ए.च्या पुस्तकांपेक्षा चांगला कळत होता. म्हणून बाकीच्या सगळ्या टिपा त्यांनी कमाई म्हणून लिहिल्या होत्या.

आकडे सांगतो. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये ॲपकडून जमा ३,१०,००० रुपये. टीप ३८,०००, त्यातली यूपीआयवर आलेली १०,००० आणि रोख २८,०००. एकूण ३,४८,०००. क्रीम, वॅक्स, प्रवास, मोबाइल असा खर्च ८२,०००. हातात राहिले २,६६,०००.

आता कर किती? शून्य. २०२४-२५ साठी नव्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत कर नव्हता आणि ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीने तो शून्यावर येत होता. २०२५-२६ साठी तर पहिले ४ लाख मोकळे, आणि सवलत धरून १२ लाखांपर्यंत कर येत नाही. म्हणजे "टीप दाखवली तर टॅक्स लागेल" ही जी भीती आपल्या पोरांच्या डोक्यात घातली जाते, ती त्यांच्यापैकी जवळपास कुणालाच लागू नाही. उलट न दाखवणारे पदरचं घालवतात. काही कंपन्या रायडरच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापतात. वर्षाला २,८०,००० मिळवणाऱ्याचे २,८०० रुपये सरकारकडे जाऊन पडतात आणि रिटर्न भरलं नाही तर तिथेच राहतात. वस्तीत किती पोरांनी हे पैसे कधी परत मागितले? मी विचारून बघितलंय. बहुतेकांना फॉर्म २६एएस हे नावसुद्धा माहीत नव्हतं.

छोट्या धंद्यासाठी कलम ४४एडी आहे. त्यात पूर्ण जमाखर्चाची पुस्तकं ठेवावी लागत नाहीत, आयटीआर-४ भरता येतो. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. म्हणून वहीत रोख टीप आणि ऑनलाइन टीप वेगळी लिहा, एवढं पुरतं. पण इथे एक सापळा आहे. ताईंना एका एजंटाने सांगितलं होतं, ३,४८,००० वर ६ आणि ८ टक्क्यांनी २१,४४० रुपये नफा येतो, तेवढाच टाका. ५०० रुपये फी घेऊन हा सल्ला! कायद्यात किमान म्हटलंय. खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा. आणि वर्षाला २१,४४० कमावणाऱ्या बाईला कुठली बँक दुचाकीचं कर्ज देईल? ॲपचं महिन्याचं स्टेटमेंट त्या त्या महिन्यातच उतरवून ठेवा, आयडी बंद झाला की ते बघायला मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. वही बदलणार नाही.

यूपीआयची भीती हा आणखी एक विषय. जुलैमध्ये बेंगळुरूत लहान दुकानदारांना यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. त्यावरून आपल्याकडेही टीप रोखच घ्या असं सांगणारे निघाले. नोटिसा जीएसटीच्या होत्या, आयकराच्या नव्हेत. आणि सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेल्यावर लागते. आपल्यातला कोण २० लाखांच्या टिपा घेतोय?

दुसरा मुद्दा त्या सहकाऱ्याने अमेरिकेचा काढला. तिथे टिपवरचा टॅक्स माफ झाला, आपण पण मागणी करू. जुलै २०२५ मध्ये तिथे तसा कायदा झाला हे खरं. २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टीप आयकराच्या उत्पन्नातून वजा करता येते, स्वयंरोजगार करणाऱ्यालाही. पण त्याच माणसाला सोशल सिक्युरिटीसाठी जो स्वयंरोजगार कर द्यावा लागतो तो टिपवर तसाच चालू आहे. आणि टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी किमान किती द्यायचं हा तिथला केंद्रीय आकडा १९९१ पासून २.१३ डॉलरवर थांबलेला आहे. बाकीचं गिऱ्हाइकाने भरायचं. करमाफीने मालकाचं काय गेलं? काहीच नाही.

ही टिपची पद्धत तिथे कुणाच्या पाठीवर वाढली तेही आठवूया. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने झोपायच्या डब्यांत पोर्टर म्हणून कृष्णवर्णीय माणसं भरली, पगार तुटपुंजा ठेवला आणि सांगितलं, हसत राहा, प्रवासी देतील. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा हे पोर्टर त्याच गाड्यांत गोऱ्यांचे बूट पुसत होते. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी १९२५ मध्ये युनियन काढली आणि १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला. लढाई पगाराची आणि कामाच्या तासांची होती. टीप वाढवून द्या अशी मागणी घेऊन ते बारा वर्षं झगडले नाहीत.

आता सरकारकडे वळतो, म्हणजे वकिलीचा आरोप फिटेल.

हॉटेल कामगारांच्या टिपबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आहे. बिलासोबत कार्डावर घेतलेली टीप हॉटेलने कामगारांना वाटली तरी ती पगार नाही, कारण कामगाराला ती मालकाकडे मागायचा हक्क नाही. त्यामुळे मालकाने टीडीएस कापायची गरज नाही. पण कामगाराच्या हातात ती उत्पन्नच, 'इतर स्रोतां'तलं. ईएसआयच्या हिशेबातही सर्व्हिस चार्ज वेतन धरला जात नाही. म्हणजे कर घ्यायचा तेव्हा ती कमाई, आणि आजारपण-म्हातारपणाचं बघायची वेळ आली की ती कुणाचीच नाही! ॲपवाल्यांनी पुढची मजल मारली. कामगारालाच 'पार्टनर' म्हटलं, त्यामुळे पीएफचा, ईएसआयचा प्रश्नच मिटला.

मे २०२५ मध्ये 'ॲडव्हान्स टिप'वरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस काढली. गाडी लवकर हवी तर आधीच टीप कबूल करा, अशी ती सोय होती. मंत्री म्हणाले, टीप ही कौतुकाची खूण आहे, हक्काची गोष्ट नव्हे. गिऱ्हाइकाची बाजू म्हणून ठीक आहे. पण ड्रायव्हरला मूळ भाड्यात गाडी का परवडत नाही, हे कुणी विचारलं नाही. बोली लावून मिळणाऱ्या पैशाला जर टीप म्हणायची नसेल तर तो भाड्याचाच भाग आहे, मग तो भाड्यात घाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीत द्यायची आहे, पण कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. निती आयोगाच्याच २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली असे कामगार ७७ लाख होते. मागणी करायची तर इथे करा. ॲपवरून दिलेली टीप कामगाराला पूर्ण मिळाली की नाही ते स्टेटमेंटवर वेगळं दिसलं पाहिजे, आणि निधीच्या हिशेबात ती धरली गेली पाहिजे. ज्या टिपची वहीत नोंदच नाही तिच्यासाठी तुम्ही कोणत्या तोंडाने निधी मागणार?

आणि हो, आपण साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी भरतोच, मग आयकर कशाला, हा युक्तिवाद. शंभर एकरांच्या बागायतदाराच्या शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, ही चीड मलाही आहे. पण आपला कर शून्यच येतोय, तर लपवून आपण कुणाला धडा शिकवतोय?

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे असं मला वाटत होतं. मग ताईंनी तो प्रश्न विचारला.

मुलगा बारावी होऊन पुण्यात डिग्रीला लागला होता. भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि स्वाधार, दोन्हींना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. टीप सोडून त्यांचं उत्पन्न २,२८,०००. टीप धरून २,६६,०००. "दादा, हे ३८ हजार लिहिले तर पोराचं काय?"

फी माफ होते. मर्यादेच्या वरच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. पण निर्वाह भत्ता जातो, आणि स्वाधारचे खोलीचे-जेवणाचे पैसे जातात. ५०-१०० रुपयांच्या नोटांनी वर्षभरात जमलेल्या ३८ हजारांपायी त्याहून मोठी रक्कम हातची जाते. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. ग्रुपवरचा तो मेसेज का फिरतो तेही तेव्हाच समजलं. आपली माणसं आयकराला घाबरून टीप लपवत नाहीत. ती तहसीलदाराच्या दाखल्याला घाबरतात.

सवर्ण कुटुंब आर्थिक दुर्बल ठरायला ८ लाखांच्या आतलं उत्पन्न चालतं. आपल्या पोराच्या शिष्यवृत्तीची मर्यादा दहाहून अधिक वर्षं २.५ लाखांवर अडकून पडली आहे. महिन्याला २०,८३३ रुपये. पुण्यात खोलीचं भाडं, मेस आणि पीएमपीचा पास भरल्यावर त्यातलं काय उरतं ते मंत्रालयात बसलेल्यांना कुणीतरी वहीवर मांडून दाखवायला हवं. आणि दाखवणार कसं, जर आपण सगळ्यांनीच दाखल्यावर खोटे आकडे लिहिलेले असतील? सरकारच्या कपाटात तर कागद असा आहे की अनुसूचित जातींची कुटुंबं २.५ लाखांच्या आतच मजेत राहतात, मर्यादा वाढवायची गरज काय!

हे मी ताईंना सांगितलं नाही. ज्याच्या पोराच्या जेवणाचा प्रश्न आहे त्याला असा युक्तिवाद ऐकवायला लाज वाटते. दोन्ही बाजूंनी काय होईल तेवढं सांगितलं. त्या आठवडाभर आल्या नाहीत. मग मुदतीच्या आदल्या दिवशी, १४ सप्टेंबरला, वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सगळं लिहा. २,६६,००० टाकले. उत्पन्नाचा दाखलाही तेवढ्याचाच निघाला. दुचाकीचं कर्ज अजून मंजूर व्हायचंय. मुलाला भत्ता मिळणार नाही. तो आता संध्याकाळी डिलिव्हरी करतो. कधीमधी टीप मिळते, आणि ती आईच्या वहीत वेगळ्या पानावर लिहितो.

त्यांनी खरं लिहिलं त्याची किंमत त्या मोजताहेत, मी नाही, तो मेसेज पुढे ढकलणारे नाहीत आणि वर्षातून दोनदा चैत्यभूमी-दीक्षाभूमीवर स्टॉल लावणाऱ्या आपल्या संघटनाही नाहीत. शिष्यवृत्तीची मर्यादा वाढवण्यासाठी सामाजिक न्याय विभागाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. त्याला घरकामगार, रायडर, पार्लरवाल्या बायका यांचे खरे हिशेब जोडायचे आहेत, नावं झाकून. आतापर्यंत नऊ वह्या आल्या आहेत. ज्या सहकाऱ्याने मला सरकारचा वकील म्हटलं त्याचा भाऊ कॅब चालवतो. दहावी वही मी त्याच्याकडे मागितली आहे.